अनंत सरांचा तिसरा घाणा

मे महिन्यात पांढरकवड्याच्या रस्त्यावर दुपारी बारानंतर दोनच माणसं दिसतात. एक हैदराबादकडे निघालेला ट्रक ड्रायव्हर, दुसरे अनंत गंगमवार. ड्रायव्हरला इलाज नसतो. अनंत सरांना होता. घरी कुलर होता, कुलरला वाळ्याच्या नव्या ताट्या होत्या, माठात कैरीचं पन्हं होतं आणि कॉलेजला सुट्टी होती. तरी हा गृहस्थ सकाळीच डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून सायकलवर कॉलेजात जायचा, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची दारं-खिडक्या आतून लावून घ्यायचा, पंखासुद्धा बंद करायचा आणि शेहेचाळीस डिग्रीत पाच तास उभा राहून भर उन्हात परतायचा.

आता असं दिसल्यावर गावानं गप्प बसावं म्हणता? गाव बसलं असतं एखाद्या वेळी, पण मी कसा बसणार? त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात मी बत्तीस वर्षं कारकुनी केली. पुस्तकं थोडी वाचली, माणसं भरपूर. निवृत्तीनंतर माझं ग्रंथालय म्हणजे कॉलेजच्या फाटकासमोरची चहाची टपरी. तिथे सरांबद्दल पहिली बातमी मीच सोडली होती की सर आत सोनं करून राह्यले. ती फार चालली नाही, कारण सरांची चप्पल बघून कोणाचा विश्वास बसेना. मग दुसरी आपोआप निघाली. सरांच्या कपाटात परवान्याची शुद्ध दारू येते, दर उन्हाळ्यात दोन बाटल्या, हे खरंच होतं. ती प्रयोगात लागायची. पण दारं लावून, पंखा बंद करून, घामानं निथळत, डोळे लाल घेऊन माणूस पाच तासांनी बाहेर आला की प्रयोग कोणता हे गाव आपल्या परीनं ठरवतं. महिला मंडळाच्या दोन बायका एकदा रत्नप्रभाबाईंना, म्हणजे सरांच्या बायकोला, समजवायला घरी गेल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, पन्हं दिलं आणि म्हणाल्या, "पेत असते तर बरं झालं असतं बाई, कधीतरी झोपले तरी असते."

सर मूळचे मुकुटबनचे, तलाठ्याचा मुलगा. नागपूरला एम. एस्सी. करताना त्यांच्या वर्गाची सहल प्लास्टिकच्या दाण्यांच्या एका मोठ्या कारखान्यात गेली. बाकीच्या पोरांनी तिथलं जेवण बघितलं. ह्यांनी बघितलं की एक पाइप तुंबलाय आणि चार मजूर त्यातून पांढरी भुकटी फावड्यानं काढतायत. विचारलं, हे काय? तिथला फोरमन म्हणाला, दाणा फुटतो, त्याची धूळ होते, धूळ चिकटते, मग आम्ही दोन दिवस हेच करतो. सरांनी ती धूळ मूठभर रुमालात बांधून आणली. पुढे पांढरकवड्यात नोकरी लागली, लग्न झालं, एक मुलगी झाली, ती शिकून पुण्याला गेली. रुमाल कपाटातच राहिला. दाणा का फुटतो, ह्याच्यावर सरांनी पीएच.डी.ला नाव घातलं, त्याला अकरा वर्षं झाली होती.

मला हे काही कळायचं नाही. एकदा टपरीवर मी डिवचलं, "सर, गाव प्लास्टिकवर बंदी घालून राह्यलं अन् तुम्ही प्लास्टिक सुधरवून राह्यले. तुमचा नंबर पहिला लागन बरं का जेलात."

सर हसले. म्हणाले, "बापू, तुम्ही आतापर्यंत सोयरिकी किती जुळवल्या?"

"एकोणचाळीस. दोन मोडल्या, त्या माह्यामुळं नाही."

"एवढ्या लग्नांत तुम्ही स्वतः कधी बोहल्यावर चढले का?"

"घरची मारीन मले."

"मग झालं तर. उत्प्रेरक म्हणजे तुम्ही. वायूचे कण सुटे सुटे हिंडत असतात. टायटॅनियमचं एक संयुग असते, ते ह्याचा हात त्याच्या हातात देते, त्याचा पुढच्याच्या. लांब साखळी होते. साखळी म्हणजे प्लास्टिक. संयुग आपलं मोकळंच, पुढची सोयरिक पाहाले."

"अन् तुम्ही काय करता मंग?"

"तुम्हाला बसाले ओटा लागतो का नाही? भर रस्त्यात उभं राहून किती जुळवाल? मी ओटा बांधून राह्यलो बापू. मिठाच्या दाण्याचा ओटा. गोल पाहिजे, मजबूत पाहिजे, अन् त्याला बारीक बारीक कोनाडे पाहिजेत, म्हणजे एका ओट्यावर शंभर मध्यस्थ बसतीन. ओटा जसा, तसंच वरचं प्लास्टिक वाढते. ओटा गोल तर प्लास्टिकचा दाणा गोल. ओटा फुटका तर धूळ."

तेव्हापासून मी टपरीवरच्या माझ्या बाकड्याला ओटा म्हणायला लागलो आणि सर माझे दोस्त झाले.

हे मीठ म्हणजे आपलं जेवणातलं नाही, मॅग्नेशियमचं. त्याला पाण्याचं भारी वेड. हवेतली वाफ दिसली की धरलीच. आणि वाफ धरली की त्याच्यावरचा मध्यस्थ मेला. मोठ्या शहरात त्यासाठी परदेशी पेट्या असतात, आतल्या हवेत वाफेचा थेंब नाही. आमच्या कॉलेजच्या खरेदी समितीनं तशी पेटी चार वेळा नामंजूर केली. मग सरांची पेटी मुजफ्फरनं बनवली. मुजफ्फर म्हणजे प्रयोगशाळेतल्या कय्युम परिचराचा मुलगा. त्याचं हायवेवर गॅरेज आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याचा खोका, त्याला दोन भोकं, भोकांत वायरमनचे रबरी हातमोजे, कडेनं ट्रकच्या काचेला लावतात ते रबर. आत सोडायला नायट्रोजन टायरच्या दुकानातून, जो ट्रकच्या चाकात भरतात तोच. पेटी दिसायची झकास. गळायची मात्र.

सहा वर्षं सरांनी त्या पेटीत दाणे बनवले. मीठ त्या शुद्ध दारूत वितळवायचं आणि त्याचे थेंब बर्फानं गार केलेल्या तेलात सोडून गोठवायचे. दाणे काचेच्या नळीत घालून नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं, नळी कापसात गुंडाळून डब्यात, डबा मांडीवर, आणि एसटीनं नागपूर. तिथे त्यांच्या गाइडच्या प्रयोगशाळेत शाल्मली नावाची संशोधक मुलगी होती. ती दाण्यांवर टायटॅनियम चढवायची आणि वायू सोडून बघायची. कधी माल उत्तम निघायचा, कधी शून्य. का, ते कळेना. गाइड म्हणायचे, ज्याला उद्या पुन्हा तेच जमत नाही त्याला शास्त्र म्हणत नाहीत.

कोडं सोडवलं रत्नप्रभाबाईंनी. त्या गच्चीवर कुरड्या घालत होत्या आणि सर कठड्यावर बसून वहीतल्या तारखा वाचत होते, हा ऑगस्टचा मेला, हा मेमधला जगला, हा सप्टेंबरचा मेला. बाई चीक ढवळता ढवळता म्हणाल्या, "पावसाळ्यात कोणी कुरड्या घालते का हो?"

बस. त्या दिवसापासून सर फक्त मेमध्ये दाणे बनवायला लागले. मेमध्ये आमच्या हवेत वाफ औषधाला नसते. ओठ फुटतात, लाकडी दारं वाजतात, पेटी गळाली तरी आत येणार काय? कय्युमनं प्रत्येक खेपेला नाव दिलं घाणा, जसा चकलीचा पहिला घाणा, दुसरा घाणा. गावानं ते उचललं. "काय सर, औंदा किती घाणे?"

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याची गोष्ट आहे ही. त्या वर्षी तीस जूनला गाइड निवृत्त होणार होते, सरांची तिसरी मुदतवाढ त्याच दिवशी संपत होती आणि नागपूरची ती वायूची यंत्रणा जुलैत उखडणार होती. गाइडनं एकच अट घातली. एका हंगामातले लागोपाठ तीन घाणे, तिन्ही सारखे. मग प्रबंध पुढे जाईल. नाहीतर अकरा वर्षं कपाटात, त्या रुमालाशेजारी.

हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे मी सगळ्यांना सांगितलं होतं.

पहिला घाणा नऊ मेला झाला. चौथ्या दिवशी शाल्मलीचा फोन आला, "सर, साबुदाणा! अगदी साबुदाणा!" दुसरा सोळा मेला. पुन्हा साबुदाणा, वजनसुद्धा जवळपास तेवढंच. पण त्या दुसऱ्या दिवशी सर बाहेर आले ते भिंत धरून. डोळे फिरले, वऱ्हांड्यातच बसले. कय्युमनं कपाळावर कांदा चोळला, साखर-मिठाचं पाणी पाजलं आणि सायकलच्या दांडीवर बसवून घरी आणलं. सर तेव्हा छप्पन्नचे. कय्युम त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा, त्याच्या निवृत्तीला दहा महिने.

"भाभी, तिसऱ्या घाण्यात हे जातीन," दारातच तो म्हणाला. "मी इतके साल पाहून राह्यलो, असे पांढरे कधी पडले नव्हते."

रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "कय्युमभाऊ, काहीतरी करा. माह्यं तर ते ऐकत नाहीत."

आणि कय्युमनं केलं.

तेवीस मेला सकाळी आठला मी फेरफटका मारून परत येत होतो. बघतो तर कॉलेजच्या मागच्या दारातून मुजफ्फर आणि कय्युम एक मोठा कुलर बाहेर काढतायत. खालून पाणी टपटपतंय. आता मला विचारा, असं दृश्य देवानं माझ्यासमोर आणलं तर ते कशासाठी?

"काहून रे कय्युम, कॉलेजचा कुलर पळवला का?"

तो असा दचकला की कुलर त्याच्या पायावरच यायचा. "बापू, आहिस्ता! अपना घरचा हाय. पाच वाजल्यापासून चालू ठेवला होता आतमधी. खोली बिलकुल थंडी होऊन गेली. आता सर येतीन, काम करतीन, त्याईले मालूम बी नाही पडन."

"अन् पाणी? तुह्या सरले पाण्याचं नाव चालत नाही."

कय्युमला मी मूर्ख वाटलो असणार. "मले सांगून राह्यले का तुमी? अठ्ठावीस साल झाले त्या खोलीत. जमीन तीन डाव पुसली, सुक्या कपड्यानं. एक थेंब नाही. काम सुरू हुयाच्या आधी कुलर बाहेर. बस, थंडाई राहीन आतमधी."

मुजफ्फरनं कुलर टेम्पोत चढवला. कय्युमनं माझे दोन्ही हात धरले. "बापू, एक बात. सरले सांगू नका. त्याईच्या खोलीत त्याईले न विचारता मी आजवर खिळा नाही ठोकला. मालूम झालं तर माह्यावर कधी भरोसा नाही करणार. तुमचं तोंड मले माहीत हाय. म्हणून कसम घ्या."

मी शपथ घेतली. रत्नप्रभाबाईंनी दुपारी फोन करून पुन्हा घ्यायला लावली. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे पांढरकवड्यातलं कोणतंही पोरगं सांगेल. पण दोघांनी इतक्या अजिजीनं मागितलं, म्हटलं एवढी एक राहू द्यावी. आयुष्यात पहिल्यांदा मी शहाण्यासारखा वागलो.

सर नऊला आले. वऱ्हांड्यात भिंतीवर एक गोल डबी टांगलेली, हवेत वाफ किती ते काट्यानं दाखवणारी. आत पोरांच्या आम्लांच्या वाफांनी ती गंजते म्हणून बाहेर. काटा नऊवर होता. सरांनी वहीत लिहिलं, नऊ टक्के. आत गेले, दारं-खिडक्या लावल्या. नेहमीप्रमाणे अगदी फटीत कपडा कोंबून, नळीची ज्योत वाऱ्यानं हलू नये म्हणून.

संध्याकाळी टपरीवर आले ते ताजेतवाने. "बापू, आज काय माहीत, त्रासच नाही झाला. शरीराला सवय लागली वाटते." शेजारी कय्युम बशीत चहा ओतत होता. त्यानं बशीआडून माझ्याकडे बघून डोळा मारला. मी चहा प्यालो. जीभ भाजली, तरी गप्प.

सत्तावीस मेला शाल्मलीचा फोन आला तेव्हा आम्ही तिघंही टपरीवर होतो. सरांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण साबुदाणा शब्द कय्युमला ऐकायचा होता.

"सर, वायूचा दाब खालीच नाही आला," ती म्हणाली. "दोन तास थांबले. वायू खाल्लाच नाही त्यानं. चिमूटभर चिकट काहीतरी निघालं."

"नळी फुटली होती का?"

"नाही सर. नळी चांगली होती. मी दोनदा करून पाहिलं."

"बरं," सर म्हणाले. आणि फोन बंद केल्यावर पुन्हा एकदा म्हणाले, "बरं."

आता ऐका. सरांकडे एका घाण्यापुरतं मीठ उरलं होतं, बंद बाटलीतलं. हवा अजून कोरडी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा घाणा घातला असता तर जमला असता. मी तेच म्हटलं, कय्युमनं म्हटलं, बाईंनी म्हटलं. सर म्हणाले, "आणि हाही मेला तर? का मेला ते कळल्याशिवाय शेवटचं मीठ मी घालत नाही. एकदाच घालता येते."

माणूस असाच. अकरा वर्षांत त्यानं कारण न कळता पुढचं पान उलटलं नव्हतं, आता तरी कसं उलटेल?

मग सुरू झाली शोधाशोध. सरांनी मुजफ्फरला बोलावून पेटीचं रबर सगळं काढलं. हातमोजे पाण्यात बुडवून फुगवून पाहिले, एका बोटाला टाचणीएवढं भोक निघालं. मुजफ्फर कानाच्या पाळ्या धरून म्हणाला, "सर, माही गलती." सर म्हणाले, "हे भोक दुसऱ्या घाण्यालाही होतं रे, तरी तो जगला." टायरच्या दुकानातला नायट्रोजन तपासला. बर्फाच्या कारखान्यात जाऊन विचारलं, त्या दिवशी लादी वेगळी होती का. दाण्याचे थेंब गोठवायचं तेल बदललं का. मग स्वतःवर आले. हात थरथरला असेल. नळी बंद करायला अर्धं मिनिट जास्त लागलं असेल. रोज संध्याकाळी वही घेऊन बसायचे आणि तेवीस मे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. नऊला आलो. काटा नऊवर. दार लावलं.

मी समोर बसलेला. पोटात कुलर.

खरं सांगतो, कुलर आणि घाणा ह्यांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. कय्युमच्याही नाही, बाईंच्याही नाही. जमीन पुसली होती ना! मला ती गोष्ट सांगायची होती ती केवळ गंमत म्हणून, सर हसतील म्हणून. दहा वेळा ओठावर आली. "सर, तुम्हाले थंडाई कोणी दिली माहीत हाय का," एवढं वाक्य. दहा वेळा गिळली. घेतलेली शपथ आयुष्यात पहिल्यांदा पाळतोय ह्याचा मला अभिमानच वाटत होता बघा.

नऊ दिवस असे गेले. पाच जूनला सकाळी अंग चिकचिकलं. आभाळ आलं नव्हतं, थेंब पडला नव्हता, पण दारं वाजायची थांबली. सहा तारखेला मी कॉलेजच्या वऱ्हांड्यात गेलो तर सर त्या डबीसमोर उभे. काटा एकसष्टवर.

"गेलं बापू," ते म्हणाले. "आता कारण सापडलं काय, नाही सापडलं काय."

एवढा उतरलेला चेहरा मी त्यांचा बघितला नव्हता. म्हटलं, हसवावं. आता घाणा गेलाच आहे, शपथेला काय धरून बसायचं? कय्युम सुट्टीवर होता. मी म्हटलं, "सर, एक मजा सांगू? त्या दिवशी तुमच्या शरीराला सवय-बिवय काही लागली नव्हती. कय्युमनं पहाटेपासून आत कुलर लावला होता. तुमच्यासाठी. खोली थंड करून, जमीन पुसून, तुम्ही यायच्या आधी काढून नेला. तीन डाव पुसली बरं!"

सर हसले नाहीत.

"किती वाजेस्तोवर?"

"आठ."

"खिडक्या?"

"बंदच होत्या. थंडाई जाऊ नये म्हणून."

सर डबीकडे बघत राहिले. मग अगदी हळू, वर्गात शिकवावं तसं म्हणाले, "कुलर थंड कशानं करतो बापू? पाण्याच्या वाफेनं. तीन तास बंद खोलीत. आणि मी वर फटी बुजवल्या." माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तुम्हाला सत्तावीस तारखेला माहीत होतं?"

"तेवीसलाच माहीत होतं," मी म्हणालो.

मला वाटलं, आता बोलतील. बोलायला पाहिजे होतं. ते फक्त म्हणाले, "तुम्ही, बापू? तुम्ही गप्प बसले?"

तो प्रश्न मला अजून कुठेही गाठतो. न्हाताना गाठतो.

त्यांनी शेवटचं मीठ तरी घातलंच, आठ जूनला. प्रयोगशाळेत तीन शेगड्या पेटवल्या, हवा सुकवायला. कय्युम सगळ्यात पुढे, कोळसे फुंकून फुंकून डोळे सुजले त्याचे. काही झालं नाही. शेगड्यांनी खोली तापली, वाफ तिथेच. शाल्मलीनं फोनवर फक्त "सर" म्हटलं.

एक वाट अजून होती, आणि ती मला ठाऊक आहे कारण फोन झाला तेव्हा मी सरांच्या ओसरीवर होतो. गाइडना सरांनी कुलरचं सांगितलं, नाव न घेता. गाइड भला माणूस. म्हणाले, तिसरा घाणा का मेला हे नेमकं कळलं असेल तर तो अपयश नाही, पुरावा आहे. ज्यानं कुलर लावला त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या, तारीख, वेळ, सही. प्राचार्यांचा शिक्का घ्या. दोन घाण्यांवर मी समितीत भांडतो.

मी उडालोच. "चला सर! कय्युम आत्ता देतो सही. हसत देतो."

"देईल," सर म्हणाले. "म्हणूनच मागत नाही."

"म्हणजे?"

"प्राचार्यांचा शिक्का पाहिजे बापू. विनापरवानगी, पहाटे, प्रयोगशाळा उघडून, बाहेरचं विजेचं यंत्र. आमच्या नव्या प्राचार्यांनी डस्टर हरवल्याची चौकशी तीन महिने चालवली. कय्युमची निवृत्ती मार्चमध्ये. चौकशी बसली की त्याचे कागद अडकले, किती वर्षं ते कोण सांगेल?"

"त्याले विचारून तर पाहा."

"विचारलं की त्याले कळन, का मेला ते. सही तर तो करीनच. मग पुढचं आयुष्यभर काय करीन तो?"

रत्नप्रभाबाई आतून दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार. कुलरची अर्धी शपथ त्यांचीच. त्यांनी पन्ह्याचा पेला सरांच्या हातात दिला आणि पदरानं उगाच उंबरा पुसला.

"आता मात्र तुम्ही गप्प बसायचं बापू," सर म्हणाले. "जमते तुम्हाला."

तीस जून एरवीच्या दिवसासारखा गेला. सरांनी नायट्रोजनची टाकी टायरच्या दुकानात परत केली, पावती घेतली. पेटी कोपऱ्यात सरकवली. वहीत तिसऱ्या घाण्यापुढे कारणाचा रकाना आहे, तो कोरा आहे. मी बघितलाय. अकरा वर्षांच्या वहीत तेवढाच एक कोरा.

कय्युम बिचारा आठ महिने विचारत राहिला. "सर, तिसरा काहून मेला असन?" सर म्हणायचे, "नाही सापडलं बुवा." मार्चमध्ये त्याचा निरोप समारंभ झाला. हार घालून उभा राहिला आणि माइकवर म्हणाला, "सब मिला मले ह्या कॉलेजात. बस, सरच्या तिसऱ्या घाण्याचं कोडं तेवढं सुटलं नाही. ते माह्या मनात राह्यलं." सर पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. मी अख्खा समोसा तोंडात कोंबला होता, खबरदारी म्हणून.

हे मी आत्ताही लिहिलं नसतं. पण परवा, ह्या मेमध्ये, मी कय्युमकडे गेलो होतो. निवृत्त माणसाची ऐट बघा, पलंगावर लोळत होता, समोर कुलर भरधाव. तोच कुलर. खिडक्या बंद, थंडाई जाऊ नये म्हणून. हजराबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ताटलीत पापड तळून आणले. आम्ही गप्पा मारत बसलो, मुजफ्फरच्या नव्या गाळ्याच्या, कोणाची पोरगी कोणाशी बोलते त्याच्या. अर्ध्या तासानं कय्युमनं पापड उचलला. मोडायला गेला, तो मोडेना. वाकला नुसता.

"हजराबी, पापड तर सादळून गेले ना," तो ओरडला.

आतून ती म्हणाली, "कुलरच्या सामने ठेवन तं काय होईन? पाणी हाय त्याच्या हवेत. एवढा बुढा झाला, एवढी बी अक्कल नाही आली?"

कय्युम हसायला लागला होता. मध्येच थांबला. हातातला पापड त्यानं उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग उठला, कुलरचं बटण बंद केलं. खोलीत एकदम सगळं शांत झालं, जाळीतून पाणी ठिबकत होतं तेवढं ऐकू येत होतं.

माझ्याकडे पाठ करून त्यानं कुलरवर हात ठेवला.

"बापू," तो म्हणाला, "सरले माहीत होतं?"

ताटलीत एक पापड उरला होता. मी तो उचलला आणि सगळाच्या सगळा तोंडात घातला. मऊ पडला होता. चावायला फार वेळ लागला.